निकाल छापताना न्यायालयापुढचा प्रश्नही छापावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात उच्च न्यायालयाच्या तीन निकालांच्या बातम्या वेगवेगळ्या दिवशी प्रसिद्ध झाल्या. पहिल्या बातमीच्या मथळ्यात बडतर्फ कर्मचाऱ्याला ‘दणका’ बसला होता, दुसरीत सासरच्या मंडळींना ‘मोठा दिलासा’ मिळाला होता आणि तिसरीत शेतजमिनीच्या मालकीवर उच्च न्यायालयाने ‘शिक्कामोर्तब’ केले होते. तिन्ही बातम्या मी लक्षपूर्वक वाचल्या. कोण जिंकले आणि कोण हरले हे तिन्हींत ठळकपणे होते, पण न्यायालयापुढे निर्णयासाठी नेमका कोणता प्रश्न होता याचा उल्लेख एकीतही सापडला नाही. हा प्रश्न गाळला की निकालाचा अर्थ बदलतो, कधी कधी तर उलटाच होतो, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझी वकिली प्रामुख्याने सांगलीच्या कामगार आणि दिवाणी न्यायालयांत गेली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की पक्षकाराला बरोबर घेऊन रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, दिवसभर फोर्टातील त्या जुन्या दगडी इमारतीच्या व्हरांड्यात बोर्डावरचा आकडा पुढे सरकण्याची वाट पाहायची आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परतायचे, असा आमचा क्रम असे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतील माणसाला उच्च न्यायालय एकाएकी जवळ आले. साहजिकच तेथील निकालांच्या बातम्या आता आपल्या दैनिकात पूर्वीपेक्षा अधिक येतात आणि त्या वाचून लोक स्वतःच्या प्रकरणाचा अंदाज बांधतात. ‘त्याला दिलासा मिळाला, मग मला का नाही?’ हा प्रश्न निवृत्तीनंतरही आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी मला विचारतेच.

सर्वसाधारण समज असा असतो की उच्च न्यायालय म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचे न्यायालय, आणि तेथे गेलेले प्रत्येक प्रकरण नव्याने, मुळापासून तपासले जाते. वस्तुतः एकच न्यायमूर्ती सकाळी फौजदारी अपील ऐकत असतील आणि दुपारी रिट याचिका (सरकारच्या किंवा खालच्या न्यायालयाच्या आदेशाला राज्यघटनेखाली दिलेले आव्हान), तर दोन्ही वेळी त्यांचे अधिकार सारखे नसतात. प्रकरण कोणत्या दाराने आत आले यावर न्यायालय पुराव्याला किती खोलवर हात घालू शकते हे ठरते. काही दारांतून आत आल्यावर संपूर्ण पुरावा पुन्हा वाचला जातो, तर काहींतून आल्यावर खालच्या न्यायालयाची एखादी चूक आपल्याला दिसली तरी ती दुरुस्त करण्याजोगी आहे का, एवढेच पाहता येते.

सर्वांत रुंद दार शिक्षेविरुद्धच्या फौजदारी अपिलाचे आहे. सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपात जन्मठेप दिली असेल तर उच्च न्यायालय प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी, पंचनामे, रासायनिक विश्लेषणाचे अहवाल, सगळे नव्याने पाहते आणि आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाला आहे का, याचे स्वतःचे उत्तर शोधते. फाशी झाली असेल तर आरोपीने अपील केले नाही तरी उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याखेरीज ती अमलात येत नाही, आणि ते प्रकरण किमान दोन न्यायमूर्तींपुढेच चालते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल तेव्हा परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी तपासावी, याचे आजही देशभर उद्धृत होणारे पाच नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणात घालून दिले. त्यांचा गाभा असा की, साखळीतील प्रत्येक कडी सिद्ध झालेली हवी आणि सगळ्या कड्या मिळून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये.

मुंबईतील ११ जुलै २००६ च्या लोकल रेल्वे बाँबस्फोटांच्या खटल्याचे उदाहरण या संदर्भात घ्यावेसे वाटते, कारण त्या निकालानंतर आमच्या कट्ट्यावर झालेली चर्चा मी अजून विसरलेलो नाही. विशेष न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ही सर्व दोषसिद्धी रद्द केली. कबुलीजबाबांवर विसंबता येत नाही, काही साक्षीदार घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले असल्याने त्यांनी पटवलेली ओळख भरवशाची नाही, ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता आणि कोणत्या प्रकारचे बाँब वापरले गेले हेही अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही, अशी कारणे खंडपीठाने दिली. ‘मग स्फोट आपोआप झाले का?’ असा संतप्त प्रश्न तेव्हा विचारला गेला. प्रियजन गमावलेल्यांच्या तोंडी तो अगदी स्वाभाविक होता. परंतु स्फोट झाले का, हा प्रश्न अपिलात नव्हताच. पिंजऱ्यात उभ्या केलेल्या याच माणसांनी ते घडवले हे कायद्याला मान्य होईल अशा पुराव्याने शाबीत झाले का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. पुढे २४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला मर्यादित स्थगिती दिली. तो इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागणार नाही, असा तो आदेश होता. काही ठिकाणी त्याची बातमी ‘निर्दोष मुक्ततेला स्थगिती’ एवढ्याच शब्दांत आली आणि माझ्या शेजाऱ्यांचा ठाम समज झाला की सगळे पुन्हा कोठडीत गेले.

याच्या नेमके उलट दार आहे निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारने केलेल्या अपिलाचे. तेथेही न्यायालय पुरावा पुन्हा वाचू शकते, पण आरोपी निर्दोष आहे हे मुळातले गृहीतक खालच्या न्यायालयाच्या निकालाने दुप्पट बळकट झालेले असते. पुराव्यावरून दोन मते संभवत असतील आणि सत्र न्यायालयाने आरोपीच्या बाजूचे मत घेतले असेल, तर उच्च न्यायालयाला स्वतःला दुसरे मत अधिक पटले तरी ते हस्तक्षेप करत नाही. असे अपील फेटाळले गेले म्हणजे आरोपीला उच्च न्यायालयाने स्वच्छ ठरवले, असे लिहिणे चुकीचे आहे.

आता आपल्या ‘मोठा दिलासा’ या बातमीकडे वळतो. पती आणि सासरच्यांविरुद्धचा क्रूरतेचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला, असे त्यात होते, आणि तक्रारच खोटी होती असा बातमीचा एकूण सूर होता. गुन्हा रद्द करण्याच्या अर्जात न्यायालय कोण खरे बोलते हे बघत नाही. फिर्यादीतील प्रत्येक शब्द खरा धरला तरी त्यातून गुन्हा बनतो का, ही कसोटी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० च्या भजनलाल निकालापासून ती कायम आहे. एखाद्या दूरच्या नणंदेविरुद्ध फिर्यादीत ठोस असे एकही वाक्य नसेल तर तिच्यापुरता गुन्हा रद्द होतो आणि पतीविरुद्धचा खटला चालूच राहतो. याखेरीज अशा अनेक प्रकरणांत दोन्ही बाजूंची तडजोड झालेली असते, परस्परसंमतीने घटस्फोट ठरलेला असतो, पत्नी स्वतः हजर राहून संमती देते आणि मग गुन्हा रद्द होतो. अशा आदेशाने कोणी खोटे ठरत नाही की कोणी निर्दोष. आपल्या बातमीच्या सातव्या ओळीत ‘उभयपक्षी समेट’ हे दोन शब्द होते, आणि सगळा निकाल त्या दोन शब्दांतच होता.

जाता जाता एक तांत्रिक बाब सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुन्या संहितेत गुन्हा रद्द करण्याचा अधिकार कलम ४८२ मध्ये होता, तो आता ५२८ मध्ये गेला आणि नव्या ४८२ मध्ये अटकपूर्व जामीन आला. जुन्या वकिलांची जीभ अजून घसरते, मग वार्ताहरांची घसरली तर नवल नाही. पण ‘४८२ खालील अर्ज मंजूर’ एवढ्यावरून गुन्हा रद्द झाला असे छापले गेल्यास संबंधितांची पंचाईत होते. शिक्षेला स्थगिती आणि दोषसिद्धीला स्थगिती यांतही असाच घोटाळा होतो. पहिलीने माणूस तुरुंगाबाहेर येतो, तरी तो दोषीच राहतो. दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या लोकप्रतिनिधीचे पद दुसरीवाचून वाचत नाही.

जमिनीच्या बातमीत तर ‘शिक्कामोर्तब’ हा शब्दच नको होता. ते प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचे दुसरे अपील होते, हे मजकुरातून समजते. पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा दोन्ही तपासता येतात, आणि बहुतेक शेतकऱ्यांचे पहिले अपील जिल्हा न्यायालयातच होते. दुसरे अपील उच्च न्यायालयात येते, पण १९७६ च्या दुरुस्तीनंतर तेथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न निघत असेल तरच ते दाखल करून घेतले जाते, आणि तो प्रश्न न्यायालयाला शब्दांत मांडावा लागतो. बांध कोणी कोरला, वहिवाट कोणाची होती, मृत्युपत्रावरचा अंगठा आजोबांचाच का, या प्रश्नांवर खालच्या दोन्ही न्यायालयांचे एकमत असेल तर उच्च न्यायालय ते सहसा पुन्हा उकरत नाही. त्यामुळे ‘दुसरे अपील फेटाळले’ याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की न्यायालयाला कायद्याचा प्रश्न दिसला नाही. पक्षकाराच्या पदरी पडणारे फळ तेच असते हे खरे, पण त्या निकालावरून शेजारच्या गटातील वाद तसाच सुटेल असा तर्क करणाऱ्याची फसगत होते. शिवाय सातबारावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध झाली, असेही त्या बातमीत एके ठिकाणी आले आहे. महसुली नोंद हा मालकीहक्काचा पुरावा नव्हे, हे न्यायालये कित्येक दशके सांगत आली आहेत.

कायद्याचा खराखुरा प्रश्न निघतो तेव्हा मात्र दुसऱ्या अपिलाचे रूपच पालटते. मुलींच्या वडिलोपार्जित हक्काचे उदाहरण घ्या. महाराष्ट्राने १९९४ सालीच अविवाहित मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सेदार, केले, केंद्राने २००५ साली सर्वच मुलींना केले, आणि २००५ पूर्वी वडील वारले असतील तर काय, यावर न्यायालयांत अनेक वर्षे मतभेद राहिले. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ चा बदल लागू झाला त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. त्या एका निकालाने राज्यभर पडून असलेल्या कितीतरी वाटपाच्या अपिलांचा रंग बदलला. माझ्याच एका पक्षकार बाईंना त्यांच्या भावांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून फोन केला होता.

बडतर्फ कर्मचाऱ्याच्या बातमीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझे आयुष्य याच विषयात गेले. ‘नोकरीचा खटला’ म्हणून एकच एक गोष्ट नसते. राज्य सरकारचा कर्मचारी आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, आणि १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर तेथील आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे. खासगी शाळेतील शिक्षक १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतो. कारखान्यातील कामगार १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार कामगार न्यायालयात करतो, तेथून औद्योगिक न्यायालयात पुनरीक्षण (आदेशाची मर्यादित फेरतपासणी) होते आणि मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, म्हणजे खालच्या न्यायालयांवर देखरेख करण्याच्या अधिकारात, उच्च न्यायालय. खासगी कंपनीच्या व्यवस्थापकाला यांतील एकही दार सहसा उघडे नसते, त्याला दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागत बसावे लागते. उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण येते तेव्हा ते पुष्कळदा तिसऱ्यांदा वाचले जात असते, आणि तिसऱ्या वाचनात पुरावा पुन्हा तोलला जात नाही. चौकशीत नैसर्गिक न्याय पाळला गेला का, म्हणजे माणसाला आरोप सांगून बाजू मांडू दिली का, निष्कर्षाला काही तरी पुरावा आहे का आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानाने धक्कादायक आहे का, एवढेच न्यायालय बघते.

माझ्याकडे एका सार्वजनिक वाहतूक सेवेतील वाहक आले होते. तपासणी पथकाला त्यांच्या गाडीत पैसे घेऊनही तिकीट न दिलेले काही प्रवासी सापडले होते. अपहाराचा फौजदारी खटला झाला, प्रवासी साक्षीला आलेच नाहीत आणि दंडाधिकाऱ्यांनी संशयाचा फायदा देऊन त्यांना सोडले. निकालाची प्रत आणि पेढ्यांचा पुडा घेऊन ते माझ्या घरी आले. आता नोकरी परत मिळालीच, अशी त्यांची खात्री होती. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा हरियाणातील एका बसवाहकाचा निकाल वाचून दाखवला. त्यातही प्रवाशांची साक्ष झाली नव्हती, तरी खातेनिहाय चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत आणि तपासणी अधिकाऱ्याची विश्वासार्ह साक्ष पुरेशी ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले होते. फौजदारी खटल्यात संशयाला जागा उरली की आरोपी सुटतो. चौकशीत मात्र कोणती गोष्ट अधिक संभवनीय वाटते हे बघितले जाते. तेच प्रवासी, तीच गाडी आणि तोच पंचनामा असूनही दोन वेगळी उत्तरे येऊ शकतात आणि कायद्याच्या दृष्टीने दोन्ही बरोबर असू शकतात. दोन्हीकडचे आरोप आणि पुरावा अगदी एकच असेल आणि खटल्यातून सन्मानाने सुटका झाली असेल तर कर्मचाऱ्याला त्याचा आधार मिळू शकतो, असे १९९९ पासूनचे निकाल सांगतात, पण संशयाच्या फायद्यावर सुटलेल्याला तो क्वचितच मिळतो.

कामगार न्यायालयाने चौकशी न्याय्य ठरवली, औद्योगिक न्यायालयाने ते कायम केले. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींनी मला उभे राहताच विचारले, ‘कोणत्या निष्कर्षाला अजिबात पुरावा नाही, तेवढे दाखवा.’ तसा एकही निष्कर्ष मला दाखवता आला नाही. मात्र बडतर्फीच्या आदेशात वाहकाच्या पूर्वीच्या चुकांची यादी होती आणि कारणे दाखवा नोटिशीत तिचा शब्दही नव्हता. ज्या गोष्टीचा आधार घ्यायचा ती माणसाला आधी सांगायला हवी, एवढ्या एका मुद्द्यावर याचिका अंशतः मंजूर झाली आणि शिक्षेपुरता फेरविचार करण्यासाठी प्रकरण खात्याकडे परत गेले. तोवर त्यांचे निवृत्तीचे वय उलटून गेले होते. पुढे बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा झाली आणि त्यांना निवृत्तीची देणी मिळाली, मागील पगार मिळाला नाही. एका स्थानिक पत्राने तेव्हा ‘वाहक निर्दोष, उच्च न्यायालयाची व्यवस्थापनाला चपराक’ असा मथळा दिला होता. ते कात्रण वाहकांनी चौकट करून घरात लावले. त्यांच्यासाठी मला आनंदच झाला, पण त्यानंतरची दोन वर्षे दुसरे वाहक ते कात्रण घेऊन माझ्याकडे येत राहिले आणि प्रत्येकाला तसे काही झालेलेच नाही, हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

आपल्या बातमीतील ‘दणका’ बसलेल्या कर्मचाऱ्याचेही असेच काही झाले असावे. त्याची याचिका फेटाळली गेली, पण न्यायालयाने चौकशीतील पुरावा पुन्हा तपासण्यास नकार दिला की चौकशी योग्य ठरवली, हे बातमीत नाही. बातमीवरून तो हंगामी कर्मचारी दिसतो. प्रश्न नियमित करण्याचा असेल तर हंगामी कर्मचाऱ्याला केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क मिळत नाही असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल आणि अलीकडे डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सरसकट वापराबद्दल व्यक्त केलेली नापसंती या दोन्हींचा संदर्भ लागतो. कामावरून काढल्याचा असेल तर सगळा विचारच वेगळ्या वाटेने जातो. आपल्या वाचकांत नगरपालिकांचे आणि महामंडळांचे कितीतरी हंगामी कामगार आहेत, आणि त्यांनी ती बातमी वाचून आशा सोडली असेल तर ती विनाकारण सोडली.

सुनावणीतील तोंडी शेऱ्यांविषयीही थोडे सांगतो. न्यायमूर्ती युक्तिवाद ऐकताना टोचून प्रश्न विचारतात, कधी विरुद्ध बाजूची परीक्षा पाहण्यासाठी मुद्दाम विचारतात. त्याचे ‘ताशेरे’ होतात आणि संध्याकाळी लेखी आदेशात त्याचा मागमूस नसतो. नोटीस काढणे म्हणजे खडसावणे नव्हे. याचिका दाखल करून घेतली, म्हणजे ‘रूल’ निघाला, तर ती पुढे ऐकली जाईल एवढेच ठरते.

आपल्याकडे जागा कमी असते आणि मथळ्याला चार शब्दांत बसावे लागते, याची मला कल्पना आहे. म्हणून मागणी छोटीच करतो. निकालाच्या प्रत्येक बातमीत एक ओळ राखून ठेवावी. प्रकरण अपिलाचे होते की रिटचे, एका न्यायमूर्तींपुढे होते की दोन, न्यायालयाने कोणता प्रश्न ठरवला आणि कोणता मोकळा ठेवला, एवढे त्या ओळीत बसते. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश संकेतस्थळावर उपलब्ध असतात आणि यातील बहुतेक माहिती पहिल्या पानावर व शेवटच्या दोन परिच्छेदांत मिळते. तसेच वर उल्लेखिलेल्या बातम्यांपैकी जमिनीच्या आणि सासरच्या मंडळींच्या बातम्यांबाबत खुलासा प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे. दोन्हींत सामान्य माणसांची नावे छापली गेली आहेत आणि त्यातील एका बाईंवर ‘खोटी तक्रारदार’ असा शिक्का गावभर बसला आहे, जो कोणत्याही न्यायालयाने मारलेला नाही.

आपल्या कोल्हापूरच्या वार्ताहरांना एखादा आदेश वाचताना अडचण आली तर त्यांनी मला निःसंकोच दूरध्वनी करावा. माझा क्रमांक पत्रासोबत वेगळा पाठवला आहे, तो कृपया छापू नये.

आपला,
एक निवृत्त वकील,
सांगली